भिंतीतून जाईल तेवढीच उष्णता

अणुभट्टी बंद केली तरी तापायची थांबत नाही. विखंडनाची साखळी तोडायला काही सेकंद पुरतात. पण तोवर तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये आपापल्या गतीने क्षय पावत राहतात आणि त्यांची उष्णता कोणतीही कळ दाबून बंद करता येत नाही. पूर्ण क्षमतेने चाललेली भट्टी बंद केली, तर त्या क्षणी ही क्षय-उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसाभराने अर्ध्या टक्क्यावर, आणि पुढे फार सावकाश उतरते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दाईइची येथील चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरवणारी यंत्रणा हळूहळू थांबली आणि गाभे वितळले, ते या उरलेल्या उष्णतेने.

वायुशीत भट्ट्यांच्या एका घराण्याचा सगळा दावा या उरलेल्या उष्णतेवर उभा आहे. हेलियम वायूने थंड होणाऱ्या, ग्राफाइटने न्यूट्रॉन मंद करणाऱ्या उच्च तापमानाच्या भट्ट्या पंप, डिझेल जनित्र किंवा माणसाचा हात यांपैकी काहीही नसताना ही उष्णता आपल्या अंगातून बाहेर सोडू शकतात. हेलियमचा दाब गेला, पंखे थांबले, तरी इंधन शाबूत राहते. याला निष्क्रिय शीतलन म्हणतात. दावा खरा आहे आणि त्याचा काही भाग चालत्या भट्ट्यांवर तपासूनही झाला आहे. पण त्याची किंमत भट्टीच्या क्षमतेत मोजावी लागते. अशा भट्टीतून किती वीज काढायची हे टर्बाइन पाहून किंवा बाजारातील मागणी पाहून ठरवता येत नाही; संकटाच्या दिवशी गाभ्याच्या भिंतीतून आपोआप किती उष्णता बाहेर जाईल, यावरून ते ठरते. वीज वाढवण्याचा प्रत्येक प्रस्ताव याच कसोटीवर तपासला पाहिजे.

चीनच्या शानडोंग प्रांतात शिदाओ उपसागराच्या काठी एचटीआर-पीएम हा प्रकल्प आहे. तिथे प्रत्येकी २५० औष्णिक मेगावॅटच्या दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॅटचे एक टर्बाइन फिरवतात. डिसेंबर २०२१ मध्ये तो वीजजाळ्याला जोडला गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. प्रत्येक भट्टीत इंधनाचे सुमारे ४ लाख २० हजार गोळे असतात. एक गोळा ६ सेंटीमीटर व्यासाचा, मोसंब्याएवढा, वजनाला २०० ग्रॅम. त्यात युरेनियम फक्त ७ ग्रॅम, बाकी ग्राफाइट. तेही युरेनियम एकसंध नसते. अर्ध्या मिलिमीटरच्या सुमारे १२ हजार कणांत ते वाटलेले असते, आणि प्रत्येक कणावर आधी सच्छिद्र कार्बनचा, मग दाट कार्बनचा, मग सिलिकॉन कार्बाइडचा आणि पुन्हा दाट कार्बनचा लेप असतो. या कणांना ट्रायसो म्हणतात. किरणोत्सारी द्रव्ये अडवण्याचे मुख्य काम सिलिकॉन कार्बाइडचा तो पातळ थर करतो, आणि १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तो भरवशाने करतो. सगळ्या गणिताची कमाल मर्यादा म्हणून हाच आकडा धरला जातो.

भट्टी पूर्ण जोरात असताना एक गोळा सुमारे ६०० वॅट उष्णता देतो. घरातली इस्त्री याहून जास्त वीज खाते. भट्टी बंद होऊन दिवस उलटला की तोच गोळा तीन वॅटवर येतो, म्हणजे एखाद्या छोट्या एलईडी दिव्याएवढा. एकटा गोळा टेबलावर ठेवला तर तीन वॅटने तो जेमतेम कोमट होईल. पण सव्वाचार लाख गोळे एका उंच नळकांड्यात एकमेकांवर रचलेले असतात, आणि मधोमध बसलेल्या गोळ्याची उष्णता बाहेर पडायची तर ती शेजारच्या गोळ्यातून, त्याच्या शेजारच्यातून, अशी दीड मीटर सरकत कडेपर्यंत पोचली पाहिजे. अडचण सगळी या दीड मीटरची आहे.

भरीव नळकांड्यात उष्णता सगळीकडे सारखी तयार होत असेल, तर मध्य आणि कड यांच्या तापमानातला फरक त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्रिज्या दुप्पट केली आणि फरक तेवढाच ठेवायचा म्हटले, तर दर घनमीटरची उष्णता एक चतुर्थांशावर आणावी लागते. आकारमान मात्र चौपट झालेले असते. म्हणजे जमाखर्च जिथल्या तिथे! एक मीटर उंचीच्या नळकांड्यातून ठरावीक तापमानफरकात किती उष्णता सतत बाहेर जाईल, हे त्याच्या जाडीवर अवलंबूनच नसते. ते फक्त वाहकतेवर आणि त्या फरकावर ठरते. गाभा रुंद करून सुरक्षित क्षमता वाढत नाही, उंच करून वाढते. या भट्ट्या धुराड्यासारख्या सडपातळ का दिसतात, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे.

ढोबळ हिशेब करून पाहता येतो. तापलेल्या गोळ्यांच्या राशीची वाहकता मीटर-अंशाला १५ वॅट धरली आणि मध्य व कड यांच्यात हजार अंशांचा फरक चालेल असे मानले, तर एक मीटर उंचीमागे १९० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. एचटीआर-पीएमचा गाभा ११ मीटर उंच आणि ३ मीटर व्यासाचा आहे. म्हणजे एकूण दोन मेगावॅट. २५० मेगावॅटची क्षय-उष्णता दिवसाभरानंतर सव्वा मेगावॅट असते. दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, हा योगायोग नाही. रचनाकारांनी क्षमता तिथेच आणून ठेवली आहे.

पण पहिल्या काही तासांत क्षय-उष्णता या दोन मेगावॅटपेक्षा बरीच जास्त असते. तेवढा वेळ ती ग्राफाइटच्या पोटात साठते. गाभ्यातले गोळे भरतात ८४ टन. पहिल्या दिवसात निघणारी सगळी क्षय-उष्णता या गोळ्यांतच कोंडून राहिली, तर त्यांचे तापमान हजार-बाराशे अंशांनी चढेल, आणि भट्टी चालू असतानाच गाभा काही ठिकाणी ७५० अंशांच्या पलीकडे असतो. म्हणजे १६०० ची रेघ सहज ओलांडली जाईल. तसे होत नाही, कारण भोवतीचा, न्यूट्रॉन गाभ्यात परतवणारा ग्राफाइटचा परावर्तकही उष्णता पितो आणि भिंतीतून ती गळतही असते. साठवण आणि गळती यांच्या या शर्यतीत तापमान सावकाश चढते, साधारण तीस तासांच्या सुमारास, १६०० च्या खाली, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. पाण्याच्या भट्टीत शक्तिघनता दर घनमीटरला शंभर मेगावॅटच्या घरात असते. इथे ती सव्वातीन आहे. तीस पटींनी हात आखडता घेतला म्हणून मिनिटांच्या जागी दिवस मिळाले.

गाभ्याच्या कडेपर्यंत आलेली उष्णता पुढे पोलादी दाबपात्रातून बाहेरच्या पोकळीत प्रारणाने जाते आणि पोकळीच्या भिंतीवरील पाण्याच्या नळ्या ती उचलतात. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, आणि हा निसर्गाने दिलेला मोठा आधार आहे. दाबपात्र ३०० अंशांवर असताना दर चौरस मीटरला चारएक किलोवॅट बाहेर पडत असतील, तर ४०० अंशांवर सात-आठ पडतात. सहा मीटर व्यासाच्या पात्राचा गाभ्यासमोरचा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटर भरतो, म्हणजे इथेही दीड मेगावॅटच्या आसपासच. भट्टी जितकी तापेल तितक्या जोरात ती उष्णता फेकते. पण पोलादालाही सोसण्याची हद्द असते, त्यामुळे साखळीत दोन कड्या सांभाळाव्या लागतात, आत इंधन आणि बाहेर पात्र. आतली कडी वाचवण्यासाठी वाहकता वाढवली, तर बाहेरच्या कडीवर भार येतो.

या भूमितीचा धडा जर्मनीने महाग किमतीला शिकला. युलिश येथील एव्हीआर ही १५ मेगावॅट विजेची गोळ्यांची भट्टी १९६७ पासून १९८८ पर्यंत चालली. रुडॉल्फ शुल्टेन यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली होती. १९७० मध्ये तिथे नियंत्रक कांड्या अडवून ठेवून हेलियमचे पंखे मुद्दाम थांबवले गेले. गाभा तापला तशी विखंडनाची साखळी आपोआप विझली, कारण तापलेले इंधन जास्त न्यूट्रॉन गिळते. छोट्या भट्टीतले हे यश पाहून पुढची झेप मोठी घेतली गेली. हाम-युएनट्रोप येथील टीएचटीआर-३०० ही ७५० औष्णिक मेगावॅटची होती आणि तिचा गाभा ५.६ मीटर रुंद होता. इतक्या रुंद गाभ्यात कडेच्या परावर्तकातल्या कांड्यांचा प्रभाव मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कांड्या थेट गोळ्यांच्या राशीत खुपसाव्या लागत. त्याने हजारो गोळे फुटले. क्षय-उष्णताही निष्क्रिय मार्गाने पुरती बाहेर पडणे अशक्य होते, म्हणून तिथे शीतलनाला यंत्रांचा आधार लागे. भट्टी १९८५ ते १९८९ एवढीच टिकली.

सीमेन्सच्या घरातील रॉयटलर आणि लोनर्ट यांनी १९८० च्या दशकात प्रश्न उलटा मांडला. हवी ती क्षमता घेऊन सुरक्षेची यंत्रे जोडत बसण्यापेक्षा, यंत्रे नसतानाही इंधन १६०० अंशांखाली राहील एवढीच क्षमता घ्यायची. उत्तर आले २०० औष्णिक मेगावॅट. गाभा तीन मीटर व्यासाचा, कांड्या कडेच्या परावर्तकात. एचटीआर-मोडुल या नावाची ती भट्टी जर्मनीत कधीच बांधली गेली नाही, पण आज जगात गोळ्यांच्या भट्टीचा जो आराखडा गंभीरपणे घेतला जातो, तो याच विचाराचा वंशज आहे. अणुतंत्रज्ञानात नम्रतेला इतके नेमके अभियांत्रिकी रूप क्वचितच मिळाले असेल.

तरीही क्षमता वाढवण्याचा मोह सुटत नाही, आणि तो अनाठायीही नाही. तारापूरची पहिली दोन युनिटे १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येकाची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती. पाण्याच्या एका भट्टीला जे जमते, त्यासाठी शिदाओमध्ये दोन भट्ट्या, दोन उंच दाबपात्रे आणि दोन वाफजनित्रे लागतात. पोलाद, जागा, तपासणी, परवाने, सगळेच वाढते. म्हणून गाभा कड्यासारखा करण्याची युक्ती निघाली. मधे इंधन नसलेला ग्राफाइटचा खांब, भोवती गोळ्यांचे किंवा इंधन भरलेल्या ग्राफाइटच्या ठोकळ्यांचे वलय. उष्णता कडेजवळच तयार होते, तिला चालावे लागणारे अंतर घटते आणि मधला खांब साठवणीचे काम करतो. अमेरिकेतील जनरल ॲटॉमिक्सच्या ठोकळ्यांच्या आराखड्यांनी या मार्गाने ३५० आणि पुढे ६०० औष्णिक मेगावॅट गाठले. दक्षिण आफ्रिकेच्या पीबीएमआर प्रकल्पाने २६५ वरून ३०२ आणि मग ४०० मेगावॅट अशी चढण चढली. तिथे मधला खांब दोन मीटरचा होता आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ग्राफाइट आकसते, फुगते, म्हणून भट्टीच्या आयुष्यात तो बदलावा लागणार होता. गोळ्यांच्या राशीच्या मधोमध उभा, आतून किरणोत्सारी झालेला खांब बदलणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. त्यातच हेलियमचे टर्बाइन थेट जोडण्याचा आणि ९०० अंशांचा हट्ट. शेवटी २०० मेगावॅट आणि वाफेचे टर्बाइन या साध्या रचनेकडे प्रकल्प परतला, तेव्हा उशीर झाला होता. २०१० मध्ये सरकारने हात काढून घेतला.

चीनचा निर्णय म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे. एचटीआर-पीएमचा सुरुवातीचा आराखडा ४५८ मेगावॅटच्या एकाच भट्टीचा आणि मधल्या खांबाचा होता. त्सिंगहुआ विद्यापीठाच्या गटाने तो बाजूला ठेवला आणि २५० च्या दोन साध्या, भरीव गाभ्यांच्या भट्ट्या घेतल्या. त्यांच्या मागे बेजिंगजवळच्या १० मेगावॅटच्या एचटीआर-१० भट्टीचा अनुभव होता. क्षमता वाढवायची ती भट्टीच्या पोटात नव्हे, भट्ट्यांच्या संख्येत, असे सूत्र त्यांनी धरले. पुढच्या एचटीआर-पीएम ६०० आराखड्यात अशाच सहा भट्ट्या मिळून सुमारे ६५० मेगावॅटचे एक टर्बाइन फिरवतात. सहा भट्ट्यांच्या नियंत्रणाचा गुंता वाढतो, हे खरेच. पण तो गुंता चालकांसमोरच्या पडद्यावर दिसतो, चाचणीत पकडता येतो. गाभ्याच्या मधोमध उभ्या खांबातला दोष तसा दिसत नाही.

२०२३ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये या निर्णयाची परीक्षा झाली. दोन्ही भट्ट्या वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी २०० मेगावॅटवर चालू असताना हेलियमच्या पंख्यांची वीज तोडण्यात आली. कोणतेही आपत्कालीन शीतलन वापरले गेले नाही. भट्ट्या आपोआप थंड होत गेल्या. व्यापारी आकाराच्या भट्टीवर असे जगात प्रथमच दाखवले गेले. जपानमध्ये ओआराई येथील ३० मेगावॅटच्या एचटीटीआर या संशोधन भट्टीवरही मार्च २०२४ मध्ये पूर्ण क्षमतेवरून हीच परीक्षा झाली. मात्र या चाचण्यांचा अर्थ ताणू नये. शिदाओच्या चाचणीत हेलियमचा दाब कायम होता, आणि दाबाखालचा हेलियम गाभ्यात आपोआप फिरून उष्णता पसरवतो. नळी फुटून दाब गेला तर ही मदतही जाते. क्षमता ठरवताना तीच सर्वांत वाईट स्थिती धरलेली असते आणि ती आजही मुख्यतः गणितावर उभी आहे.

गणितावर किती भिस्त ठेवायची, हे एव्हीआरने दाखवले आहे. १९८६ मध्ये तिथे वितळणाऱ्या तारा बसवलेले खास गोळे गाभ्यातून फिरवले गेले. वेगवेगळ्या तापमानांना वितळणाऱ्या त्या तारांपैकी सर्वांत वरची तार १२८० अंशांची होती, आणि काही गोळ्यांत तीही वितळलेली आढळली. गाभा हिशेबापेक्षा खूपच तापत होता. गोळे वाहतात, कुठे दाट बसतात, कुठे विरळ. हेलियम कुठल्या फटीतून चुकून जातो. हे सगळे कागदावर सरासरीने मांडले जाते. त्या भट्टीच्या आतील भाग सीझियम आणि स्ट्रॉन्शियमने इतका माखला की ती मोडीत काढणे हेच अवघड काम होऊन बसले.

म्हणूनच दुसऱ्या एका मागणीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. अमेरिकेत आयडाहो येथे नव्या पद्धतीचे ट्रायसो इंधन १६००, १७०० आणि १८०० अंशांवर प्रत्येकी तीनशे तास तापवून पाहिले गेले आणि ते फार चांगले टिकले. मग मर्यादा १६०० वरून वर सरकवावी आणि त्या बदल्यात क्षमता वाढवावी, असा तर्क ओघानेच येतो. तर्क चुकीचा नाही, पण सवलत चुकीच्या खात्यात जमा होते. चांगल्या इंधनाने मिळालेले दोनशे अंश हे गाभ्याच्या अनिश्चिततेसाठी, कारखान्यात लेप बिघडलेल्या एखाद्या खेपेसाठी, जुन्या होत चाललेल्या ग्राफाइटच्या घटत्या वाहकतेसाठी राखून ठेवायला हवेत. शिवाय या भट्ट्यांभोवती पाण्याच्या भट्टीसारखी जाड, हवाबंद कोठी बांधलेली नसते. इंधनाचा कण हीच खरी कोठी आहे असे मानून तिथे हलकी इमारत पुरेशी समजली जाते. ज्या कणावर कोठीचा खर्च वाचवला, त्याच कणाच्या जोरावर क्षमताही वाढवणे म्हणजे एकाच ठेवीवर दोनदा कर्ज काढणे आहे.

विजेचे उत्पन्न वाढवण्याचा निर्धोक मार्ग कार्यक्षमतेत आहे. ७५० अंशांच्या हेलियमवर तयार झालेली ५६७ अंशांची वाफ ५०० औष्णिक मेगावॅटमधून २१० मेगावॅट वीज देते, म्हणजे ४२ टक्के. पाण्याच्या भट्टीला ३३ टक्क्यांच्या आसपास समाधान मानावे लागते. तेवढ्याच क्षय-उष्णतेत सव्वापट वीज मिळते. तापमान आणखी चढवले, तर पदार्थांची दमछाक आणि इंधनातून होणारी गळती सुरू होते, एव्हीआरने ९५० अंशांवर चालून ते दाखवले. वाफेच्या चक्रात दुसरा एक धोका उरतोच, पाणी. १९७८ मध्ये एव्हीआरच्या वाफजनित्राची नळी फुटून २५ ते ३० टन पाणी भट्टीत शिरले. पाणी न्यूट्रॉन मंद करून विखंडन वाढवू शकते आणि तापलेल्या ग्राफाइटला खाते. शीतलन कितीही निष्क्रिय असले, तरी या धोक्यासाठी झडपा, आर्द्रतामापक आणि वाफजनित्र गाभ्याच्या खालच्या पातळीवर ठेवण्याची शिस्त लागते.

शक्तिघनता कमी आहे एवढ्यावरही सुरक्षा हाती लागत नाही. ब्रिटनच्या कार्बन डायऑक्साइडने थंड होणाऱ्या एजीआर भट्ट्यांची घनता शिदाओहूनही थोडी कमी, तीन मेगावॅटच्या खाली आहे. पण त्यांचे इंधन पोलादी नळ्यांत असते, आणि पोलाद १६०० अंशांच्या कितीतरी आधी हार मानते. म्हणून तिथे बंद भट्टीतही वायू फिरवत ठेवण्याची आणि वाफजनित्रात पाणी पोचवण्याची यंत्रणा राखावी लागते. भूमिती आणि इंधन दोन्ही एकत्र आले तरच भिंत आपले काम एकटी करू शकते.

ग्राफाइटच्या भट्टीचे दुसरे टोक म्हणजे वायुशीत द्रुत भट्टी. तिच्यात ग्राफाइट नसते, कारण न्यूट्रॉन मंद करायचेच नसतात. इंधनाचा वापर उत्तम व्हावा म्हणून गाभा दाटीवाटीचा असतो आणि घनता दर घनमीटरला शंभर मेगावॅटपर्यंत जाते. उष्णता साठवायला कोठार नाही, तिला चालत बाहेर पडायला वेळ नाही. दाब गेला की मिनिटांत काहीतरी करावे लागते. मध्य युरोपातील चार देशांच्या ७५ मेगावॅटच्या ॲलेग्रो आराखड्यात म्हणून भट्टीभोवती दुसरे बंद पात्र कल्पिले आहे. गळलेला वायू तिथेच अडून काही दाब टिकावा, वर नायट्रोजनसारखा जड वायू सोडून नैसर्गिक अभिसरण चालू राहावे, अशी ती योजना आहे. ग्राफाइटच्या भट्टीत जे काम नुसत्या वस्तुमानाने होते, ते इथे पात्रे, झडपा आणि वायूच्या टाक्या यांनी करून घ्यावे लागते, आणि त्यातील प्रत्येक झडप वेळेवर उघडावी लागते.